चिगाँग : सुरुवात कशी करावी, आणि माझी एक चूक

"डॉक्टर, व्यायाम करायचाय हो, पण जमतच नाही."

मारुंजीतल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी दिवसातून चार-पाच वेळा तरी ऐकतो. बोलणारे साधारण तीन प्रकारचे असतात. पहिले, हिंजवडीच्या आयटी पार्कात दहा-दहा तास खुर्चीत बसणारे. मान आखडलेली, झोप अर्धवट आणि घरी पोचेपर्यंत ट्रॅफिकने जीव नकोसा झालेला. दुसरे त्यांचे आईवडील. कुणी लातूरहून, कुणी जळगावहून मुलांकडे राहायला आलेले. गावाकडे दिवसभर पायांवर असायचे, इथे आठव्या मजल्यावर टीव्हीसमोर बसून असतात. तिसरे इथले मूळचे गावकरी. जमीन विकली, घर बांधलं, गाडी आली. पण शेताबरोबर बांधावरून होणारी रोजची चालही गेली.

या सगळ्यांना मी एकच ठरलेलं वाक्य ऐकवायचो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि 65 च्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. समोरचा मान हलवायचा, औषधांची चिठ्ठी खिशात घालायचा आणि पुढच्या महिन्यात तसाच परत यायचा. मी तरी काय वेगळं करत होतो? सकाळ-संध्याकाळ खुर्चीतच बसून होतो.

आज ज्या व्यायामाबद्दल लिहितोय, तो माझ्याकडे कुठल्या पुस्तकातून आला नाही. आई पडली, तेव्हा आला.

आई पडली त्या पावसाळ्यात

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आई तेव्हा 74 वर्षांची होती. पहाटे बाथरूममध्ये गेली, फरशी ओली होती, पाय सरकला. डावं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, हाड छान जुळलं. कागदोपत्री उपचार पूर्ण झाले.

पण आई काही पूर्ण बरी झाली नाही. ती चालायचीच बंद झाली. खोलीतून हॉलमध्ये येतानाही भिंत धरायची. देवळात जाणं थांबलं, खाली बागेत जाणं थांबलं. मी म्हटलं, "आई, हाड जुळलंय आता, चालायला काही हरकत नाही." ती म्हणाली, "हाड जुळलं रे बाळा, भीती कुठे जुळलीय?"

या भीतीला आमच्या शास्त्रात महत्त्वाचं स्थान आहे. एकदा पडलेला वृद्ध माणूस पुन्हा पडू नये म्हणून हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की मांडीचे आणि पोटरीचे स्नायू झिजतात. स्नायू झिजले की तोल आणखी बिघडतो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. म्हणजे न पडण्यासाठी जे केलं, तेच पाडायला कारण होतं. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं.

फिजिओथेरपिस्ट घरी येत होत्या. त्यांनी शिकवलेले व्यायाम आई त्या असेपर्यंत करायची. त्या गेल्या की, "झालं आता, उद्या बघू."

त्याच सुमाराला मायग्रेनसाठी माझ्याकडे येणाऱ्या एक बाई बोलता बोलता म्हणाल्या, "कंपनीच्या कामासाठी मी तीन वर्षं शांघायला होते. तिथे रोज सकाळी बागेत आजी-आजोबा हळूहळू हात हलवताना दिसायचे. मीही त्यांच्यात उभी राहायला लागले. त्याला चिगाँग म्हणतात. काकूंना दाखवू का?"

खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा शंकाच आली. 'ऊर्जा', 'प्रवाह', 'आतली शक्ती' असे शब्द कानावर आले की माझ्यातला डॉक्टर सावध होतो. पण आईकडे पाहून वाटलं, हात वरखाली करण्यात नुकसान तरी काय?

आईचा पहिला प्रश्न होता, "चिन्यांचं आपण कशाला करायचं?" मी तिला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण करून दिली. 1938 साली भारतातून पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक चीनला गेलं. त्यात ते होते. जखमी सैनिकांवर उपचार करता करता 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, तिथेच गेले. "आपला एक डॉक्टर त्यांना दिला, आपण त्यांच्याकडून थोडा व्यायाम घेऊ," असं म्हटल्यावर आई हसली आणि खुर्ची धरून उभी राहिली.

चिगाँग म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत हा शब्द 'क्यू'ने सुरू होतो, म्हणून काहीजण 'क्विगाँग' वाचतात. उच्चार 'चि'च्या जवळचा आहे. 'ची' म्हणजे श्वास, हवा, वाफ, आणि त्यावरून प्राणशक्ती. जुन्या चिनी लिपीत या अक्षराच्या पोटात तांदळाचं चिन्ह आहे. आमच्या मुळशी-मावळात इंद्रायणी भात शिजताना पातेल्यातून जी वाफ उठते ती डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना समजेल. 'गाँग' म्हणजे मेहनत करून मिळवलेलं कौशल्य. थोडक्यात, श्वासावर केलेला रियाज.

यात तीन गोष्टी एकाच वेळी होतात : सावकाश हालचाल, सावकाश श्वास आणि दोन्हींकडे लक्ष. वजन उचलायचं नाही, घाम गाळायचा नाही, जमिनीवर बसायचं नाही. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे.

परंपरा जुनी आहे. चीनमधल्या छांगशा शहराजवळ मावांगदुई इथल्या उत्खननात रेशमावर काढलेलं एक चित्र सापडलं. ते इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातलं आहे आणि त्यात व्यायाम करणाऱ्या 44 आकृत्या आहेत, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. 'चिगाँग' हे नाव मात्र आजच्या अर्थाने रूढ झालं ते 1950 च्या दशकात, ल्यू क्वेझेन यांच्या कामामुळे. पुढे 1980 च्या दशकात चीनमध्ये त्याची लाटच आली आणि लाटेबरोबर भोंदूपणाही आला. दुरून हात फिरवून रोग बरा करणारे 'गुरू' निघाले. 2003 मध्ये चीनमधल्या क्रीडा अधिकाऱ्यांनी चार संच निवडून, त्यांतल्या हालचाली ठरवून लोकांसमोर ठेवले. त्यांतला नवशिक्यांसाठी सोपा आणि लोकप्रिय संच म्हणजे 'बा-दुआन-जिन'. अर्थ, भरजरी कापडाचे आठ तुकडे. आपल्या भाषेत पैठणीचे आठ पदर म्हणा हवं तर.

शरीरात काय होतं?

'ची' नावाची गोष्ट कुठल्याही यंत्रावर दिसलेली नाही. तरी या व्यायामाचे काही परिणाम समजावून सांगायला आपलं नेहमीचं शरीरशास्त्र पुरेसं आहे.

पहिला, श्वास. बसल्या जागी आपण मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो, आणि तणावात असलो तर छातीच्या वरच्या भागातून, उथळ. सावकाश हालचालीबरोबर श्वास जोडला की तो आपोआप मंद होतो, सहा-आठपर्यंतही येतो. श्वासपटल खाली सरकतं, पोट फुगतं. श्वास सोडायला जास्त वेळ लागतो तेव्हा व्हेगस नावाची नस हृदयाला 'जरा दमानं' असा निरोप देते. नाडी मंदावते, रक्तवाहिन्या थोड्या सैलावतात.

दुसरा, तोल. आपण उभे राहतो ते तीन खबऱ्यांच्या भरवशावर : डोळे, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि पायाच्या तळव्यांतून व सांध्यांतून येणाऱ्या संवेदना. वय वाढतं तशी तिघांची धार कमी होते. चिगाँगमध्ये वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर अगदी हळू न्यायचं असतं. त्यामुळे या खबऱ्यांना आणि स्नायूंना रोज सराव मिळतो. घाईत पाऊल टाकताना जी चूक लपून जाते, ती हळू टाकताना लगेच कळते.

तिसरा, लक्ष. हात कुठे, श्वास कुठे, वजन कुठे, यात मन गुंतलं की तेवढी पंधरा मिनिटं डोक्यातला गिरणीचा पट्टा थांबतो.

आता पुरावा. चिगाँगचा सख्खा भाऊ म्हणजे ताई-ची. वृद्धांच्या पडण्याबद्दल 2019 मध्ये कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र करून आढावा घेतला. तोल आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम केल्याने पडण्याचं प्रमाण साधारण एक चतुर्थांशाने कमी होतं, याचा पुरावा भक्कम आहे. ताई-चीमुळे ते सुमारे एक पंचमांशाने कमी होऊ शकतं, पण तो पुरावा तितका पक्का नाही. गुडघ्याच्या संधिवातासाठी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये ताई-चीची ठाम शिफारस केली आहे. खुद्द चिगाँगवरचे बरेचसे अभ्यास लहान आहेत आणि अनेकांची आखणी कच्ची आहे. रक्तदाब थोडा उतरतो, झोप आणि मनःस्थिती सुधारते असं त्यांत दिसतं. 'थोडा' या शब्दाखाली मी मुद्दाम रेघ मारतोय. का, ते पुढे कळेल.

सुरुवात अशी करा

आईला आम्ही आठपैकी आधी पाचच हालचाली शिकवल्या. त्याच इथे देतो. सैल कपडे घाला. अनवाणी किंवा घट्ट बसणाऱ्या, न घसरणाऱ्या चपलांत उभे राहा. शेजारी न हलणारी खुर्ची किंवा भिंत हवी. भरल्या पोटी करू नका. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. मधुमेहाच्या औषधांवर असाल तर अगदी उपाशीपोटीही नको.

उभं राहणं. पाय खांद्याइतक्या अंतरावर. गुडघे किंचित सैल, पूर्ण ताठ नाहीत. खांदे खाली सोडा. हात पोटासमोर असे धरा, जणू मोठी घागर कवेत घेतली आहे. नाकाने श्वास घ्या, नाकानेच सोडा. एक-दोन मिनिटं फक्त तळव्यांवर वजन कुठे पडतंय ते बघा. पहिला आठवडा एवढंच केलं तरी चालेल.

पहिली, आभाळ उचलणं. दोन्ही हातांची बोटं पोटासमोर एकमेकांत गुंफा. श्वास घेत हात वर न्या, तळवे आभाळाकडे. क्षणभर थांबा. श्वास सोडत हात बाजूंनी खाली आणा. खांदा दुखत असेल तर कपाळापर्यंतच न्या.

दुसरी, धनुष्य ओढणं. पाय थोडे जास्त फाकवा, गुडघे थोडेसे वाकवा. डावा हात धनुष्य धरल्यासारखा बाजूला लांब करा, उजवा हात दोरी ओढल्यासारखा छातीपाशी. नजर डाव्या हाताकडे. मग दुसऱ्या बाजूने. दिवसभर लॅपटॉपवर वाकणाऱ्यांनी ही चुकवू नये, छाती मोकळी होते.

तिसरी, एक हात वर, एक खाली. एका तळव्याने छत ढकला, दुसऱ्याने जमीन दाबा. मग हात बदला. आईने ही पाहिली आणि म्हणाली, "हे तर फळीवरचा डबा काढायचं झालं!" तेव्हापासून आमच्याकडे या हालचालीचं नाव 'डबा काढणे' असंच आहे.

चौथी, मागे वळून पाहणं. हात शरीराजवळ सैल. श्वास घेत मान सावकाश एका बाजूला वळवा, मागच्याला हाक मारायची असल्यासारखं पाहा. श्वास सोडत समोर या. मान गोल फिरवायची नाही, झटका द्यायचा नाही. चक्कर आली तर थांबा.

पाचवी, टाचा उचलणं. मूळ संचात ही शेवटची, आठवी हालचाल आहे. खुर्चीची पाठ धरा. श्वास घेत दोन्ही टाचा उचला, श्वास सोडत हळूच टेकवा. मूळ प्रकारात टाचा जरा आदळतात. कंबर, गुडघे किंवा टाचा दुखणाऱ्यांनी आणि हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी आदळू नयेत. पोटरीचा स्नायू पायातलं रक्त वर ढकलणाऱ्या पंपासारखा काम करतो. तासन्‌तास बसणाऱ्यांनी ही हालचाल ऑफिसातही करावी.

प्रत्येक हालचाल चार-सहा वेळा करा. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. वेग एवढा सावकाश, की बघणाऱ्याला कंटाळा यावा. श्वास कोंडून धरू नका. श्वास आणि हात यांचा मेळ पहिले पंधरा दिवस बसत नाही. कुणाचाच बसत नाही. तेव्हा श्वासाकडे दुर्लक्ष करा, हालचाल तेवढी करा.

राहिलेल्या तीन हालचालींपैकी एकीत डोकं आणि कंबर खाली झुकवून फिरवायची असते, एकीत पायांना हात लावायचे असतात, एकीत गुडघे वाकवून मुठी पुढे न्यायच्या असतात. हाडं ठिसूळ झालेल्यांनी, काचबिंदू असलेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी, कमरेची नस दबलेल्यांनी आणि रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी झुकण्याच्या पहिल्या दोन हालचाली विचारल्याशिवाय करू नयेत.

आणि माझी चूक

तीन महिन्यांत आई भिंत न धरता हॉलमध्ये यायला लागली. मग लिफ्टने खाली. मग बागेत आमच्या जोडीला शेजारच्या दोन काकू आल्या. हळूहळू रविवारी सकाळी दहा-बारा जणांचा गट जमायला लागला. माझी मानदुखी कमी झाली होती, आई चालत होती, मी खूश होतो. आणि खुशीत माणूस जास्त बोलतो.

अशाच एका रविवारी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "याने बीपीसुद्धा खाली येतं बरं का!"

गटात एक काका होते. वय 68, अकरा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू. ते वाक्य त्यांनी मनावर घेतलं. त्या आठवड्यापासून त्यांनी गोळी बंद केली. घरी सांगितलं नाही, मलाही नाही. त्रास काहीच होत नव्हता. उलट "फार हलकं वाटतंय" म्हणायचे. रक्तदाबाचा हाच तर कावा आहे. तो वाढलेला असताना बहुतेकांना काहीही जाणवत नाही.

पाच आठवड्यांनी सकाळी नाश्ता करताना त्यांच्या हातातून चमचा पडला. उचलायला गेले तर हात ऐकेना. बोलायला गेले तर शब्द जड झाले. वीसेक मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. मी बीपी मोजलं : 196/112. तिथूनच रुग्णालयात पाठवलं. एमआरआयमध्ये मेंदूला कायमची इजा दिसली नाही. निदान झालं टीआयए, म्हणजे मेंदूच्या रक्तपुरवठ्यात थोड्या वेळासाठी आलेला अडथळा. मोठ्या पक्षाघाताच्या आधीची धोक्याची घंटा.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो. काका रागावलेले नव्हते. साधेपणाने म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच म्हणाला होतात ना, बीपी खाली येतं म्हणून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. 'थोडं', 'काहींचं', 'गोळ्यांच्या जोडीला' हे तीन शब्द मी गिळले होते. डॉक्टरच्या तोंडचं अर्धं वाक्य पेशंटच्या घरी पोचेपर्यंत पूर्ण सल्ला होतो, हे इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर मला कळायला हवं होतं. ती चूक काकांची नव्हती, माझी होती. मी त्यांची माफी मागितली.

त्या संध्याकाळी मला इथून तासा-दीड तासावरच्या लोणावळ्याची आठवण झाली. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी तिथे कैवल्यधाम सुरू केलं. आसनं आणि प्राणायामावर त्यांची श्रद्धा होती, तरी त्यांनी प्रयोगशाळा उभारली. रक्तदाब मोजले, एक्स-रे काढले आणि निरीक्षणं 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापली. श्रद्धा असलेल्या माणसाने मोजपट्टी हातात घेतली आणि मी, मोजपट्टी गळ्यात घालून फिरणारा माणूस, उत्साहात ती विसरलो होतो.

तेव्हापासून आमचे नियम

रविवारी व्यायामाआधी प्रत्येकाचं बीपी मोजून वहीत लिहितो. पाच मिनिटं शांत बसल्यावर, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीवर ठेवून. 180/110 किंवा त्याहून जास्त आलं तर त्या दिवशी व्यायाम नाही, आधी तपासणी.

वहीत पहिला रकाना आहे : 'आजची गोळी घेतली का?' कोणतीही गोळी कमी करायची असेल, तर घरातल्या आठवडाभराच्या नोंदी बघून तुमचे डॉक्टर ठरवतील. हलकं वाटणं हा पुरावा नाही.

मधुमेहामुळे पायांच्या संवेदना कमी झालेल्यांनी खुर्ची धरूनच करावं आणि झाल्यावर तळवे तपासावेत. हृदयविकाराचा झटका किंवा शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, गरोदरपण असेल, तर आधी विचारा. ज्यांना पूर्वी भास होणं, तीव्र मानसिक आजार असा त्रास झाला आहे त्यांनी तासन्‌तास श्वास आणि ध्यानाचे प्रकार करू नयेत. अति साधनेने असे त्रास उफाळल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. छातीत दुखलं, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबा.

आणि हे सगळ्यांनी पाठ करून ठेवा : तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं. यांतलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करा, वेळ बघून ठेवा आणि मेंदूचा स्कॅन होणाऱ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. वीस मिनिटांत बरं वाटलं तरीही जायचं.

आईच्या पडण्यानंतर घरातही बदल केले : बाथरूममध्ये धरायला दांडा, न घसरणारी चटई, रात्रभर मिणमिणता दिवा. पडणं टाळण्यात या तीन गोष्टींचाही वाटा आहे. सगळं श्रेय व्यायामाला देऊ नका.

आज

काका दोन महिन्यांनी गटात परत आले. त्यांचं बीपी आता 130 च्या आसपास असतं. मीठ कमी केलंय, रोज चालतात, चिगाँगही करतात आणि गोळ्या वेळेवर घेतात. टीआयएनंतर औषधं वाढलीच, एकही कमी झाली नाही. नवीन कुणी आलं की तेच आधी विचारतात, "गोळी घेतली का?" माझ्यापेक्षा त्यांचं लोक जास्त ऐकतात.

आई 76 ची झाली. संध्याकाळी हरिपाठाच्या आधी बाल्कनीत तिचं आभाळ उचलणं आणि डबा काढणं चालू असतं. मागच्या महिन्यात उंबऱ्याला ठेच लागली. मी धावलो तोवर तिने एक पाऊल पुढे टाकून स्वतःला सावरलं होतं. चौकट धरून उभी होती, हसत होती. "बघ, पडले नाही," म्हणाली.

एका आईच्या एका पावलावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. तरी त्या दिवशी मला बरं वाटलं.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर उद्या सकाळी गोळी घ्या, खुर्ची शेजारी ठेवा आणि दोन मिनिटं नुसते उभे राहा. बाकीचं हळूहळू येईल. आणि कुणी तुम्हाला सांगितलं की याने औषधं सुटतात, तर सांगणारा स्वतः डॉक्टर असला तरी त्याला वाक्य पूर्ण करायला लावा.